नळीत जाड दाणा, वाटीत बारीक

गेल्या दसऱ्याला सकाळी अकराच्या सुमारास, देवगड तालुक्यातल्या एका गावात, देवळासमोर चकमकीच्या बंदुकीचा बार पहिल्याच चापाला निघाला. त्याआधीचे सलग तीन दसरे तो निघाला नव्हता. बंदूक माझ्या बायकोच्या मामांची. मामा गावाला राहत नाहीत, नाहूरला राहतात, चौथ्या मजल्यावर. मुलुंडपासून अंधेरीपर्यंत भुकटी या वस्तूवर त्यांच्याइतका विचार केलेला दुसरा माणूस नाही. हे विधान मी जबाबदारीनं करतो आहे. भुकटी कसलीही असो. रवा, बेसन, रांगोळी, तिखट, चहाची पत्ती, दंतमंजन. मामा आधी चिमूट घेतात, अंगठ्यानं बोटावर फिरवतात, क्षणभर लांब बघतात, आणि मग बोलतात. आणि या सगळ्या भुकट्यांच्या माथ्यावर त्यांच्या लेखी एकच भुकटी आहे: बंदुकीची दारू.

मामा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, अंगाला लावायची पावडर बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. दाणा एकसारखा आहे का आणि ओल किती आहे हे बघायचं आणि सही करायची, एवढं एकच काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी विचारलं, घड्याळ आवडेल की सूटकेस? मामांनी प्रयोगशाळेतल्या तीन पितळी चाळण्या मागून घेतल्या. त्या आज त्यांच्या दिवाणखान्यात, जिथे इतरांकडे मुलांची बक्षिसं असतात तिथे, जाळीच्या क्रमानं ठेवलेल्या आहेत. खालच्या किराणा दुकानात एकदा त्यांनी रव्याची चिमूट घेतली आणि जाहीर केलं, "शेट, हा रवा दोन गिरण्यांचा आहे." दुकानात चार गिऱ्हाइकं होती. दुकानदार म्हणाला, "काका, तुम्हाला शिरा करायचाय की स्लॅब टाकायचाय?" मामा शांतपणे म्हणाले, "शिराच. म्हणून तर विचारतोय." पुढच्या आठवड्यात दुकानदारानं, आसपास कुणी नाही असं बघून, दोन पोती एकत्र केल्याचं कबूल केलं. तेव्हापासून मामा दुकानात शिरले की तो रव्याच्या पोत्यासमोर उभा राहतो.

त्यांच्या बाल्कनीत हवेतली ओल मोजणारं एक गोल यंत्र आहे. सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा वाजता मामा आकडा वाचतात आणि मोठ्यानं म्हणतात. कुणाला उद्देशून म्हणतात ते निश्चित नाही, पण खालच्या मजल्यावरच्या बाई पापड घालायच्या आधी खिडकीतून मान काढून विचारतात, "मामा, घालू का आज?" "एकाहत्तर. घालू नका." त्या घालत नाहीत. एकदा त्यांनी ऐकलं नाही. ते पापड पुढे तळल्यावर फुललेच नाहीत, ही गोष्ट मामांनी कधी बोलून दाखवली नाही. फक्त पुढचे काही दिवस आकडा किंचित मोठ्यानं वाचला.

आता बंदुकीविषयी. ती मामांच्या घराण्याकडे किती पिढ्या आहे हे कागदावर कुठे नाही. परवाना आहे, तो आधी मामांच्या थोरल्या भावाच्या नावावर होता, आता मामांच्या नावावर आहे. काडतूस नावाची वस्तू जन्माला येण्याच्या आधीची ही बंदूक आहे. तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी घालायची, गजानं ठासायचं. नळीच्या बुडाशी बाजूला एक बारीक छिद्र असतं, त्याला कान म्हणतात. कानाच्या बाहेर झाकणाची एक छोटी वाटी, तिच्यात चिमूटभर बारीक दारू, तिचं नाव रंजक. घोड्याच्या तोंडात गारगोटी. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी वाटीत पडते, रंजक भडकतं, आणि ती आग कानातून आत शिरते. आत शिरली तर बार. नाही शिरली तर बाहेर नुसती फुस्स आणि डोळ्यांत धूर. गोळी यात कुठेच नाही. बंदुकीला वर्षातून एकच काम आहे. दसऱ्याला देवाची पालखी उठायच्या आधी सलामीचा एक बार काढायचा. बार झाल्याशिवाय पालखी उठत नाही, आणि तो काढायचा मान या घराण्याचा.

मामा दारू आणायला निघाले म्हणजे कुठे निघाले, यावरचा विनोद त्यांच्या सोसायटीत पहिल्या वर्षीच करून झाला आहे. ते वर्षातून तीनदा परवाना घेऊन शहरातल्या एका जुन्या, अधिकृत दुकानात जातात. दोन वेळा नुसते बघायला, तिसऱ्यांदा घ्यायला. "नळीत जाड दाणा, वाटीत बारीक," हे ते मला दर खेपेला पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगतात. "जाड दाणा म्हणजे चुलीतलं लाकूड, जावईबापू. बारीक म्हणजे पेटवायची काटकी. काटक्यांवर भात शिजत नाही आणि ओंडक्याला काडी लागत नाही." दुकानदार त्यांना तीन नमुने दाखवतो. मामा प्रत्येकाची चिमूट पांढऱ्या कागदावर पसरतात, खिशातून भिंग काढतात आणि दाण्याच्या कडा बघतात. कडा झिजलेल्या असतील तर डबा प्रवासात फार हलला आहे. दाण्यांत धूळ असेल तर ती दारू बाद. रंग कोळशासारखा मेलेला हवा की शिशासारखा चमकता, यावर त्यांचं स्वतःचं मत आहे आणि ते दर दोन वर्षांनी बदलतं. एकदा मी बरोबर होतो. तासाभरानं दुकानदार माझ्याकडे वळून म्हणाला, "साहब, इनको समझाओ. बारूद है, बासमती नहीं." मामा भिंगातून मान न काढता म्हणाले, "बासमती मैं इससे जल्दी लेता हूँ." हे खोटं आहे. मामींना विचारा.

मामींनी संसारात पुष्कळ सोसलं आहे. बेसनाचे लाडू वळताना त्यांच्या परातीवर भिंग आलेलं आहे. दारूची चिमूटभर चाचणी गच्चीवर व्हायची तेव्हा पाण्याची बादली घेऊन त्याच उभ्या असायच्या. चोख दारू कागदावर जळली की कागदाला डाग राहू नये, असा मामांचा दंडक. डाग राहायचा. मग दुसरा कागद. पुढे सोसायटीनं फलकावर सूचना लावली की गच्चीवर कुठल्याही प्रकारची चाचणी करू नये. मामांनी तिच्याखाली 'वाचले' असं लिहून सही केली, आणि चाचण्या बंद केल्या. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. मामांनी बंदुकीबरोबर एक छापील कागदही जमा केला: दमट भिंतीला टेकवू नये, आडवी ठेवावी, नळीचं तोंड खिडकीकडे करू नये. हवालदारानं कागद वाचला, बंदूक बघितली, पुन्हा कागद बघितला. म्हणाला, "काका, हिच्यामुळे मतदान बिघडेल असं मला तरी वाटत नाही." मामांना ते लागलं. तरी महिनाभर दर शनिवारी ते ठाण्यात जाऊन लांबून बंदूक बघून येत.

या सगळ्यामागे एक वहिनी आहेत. मामांच्या थोरल्या भावाची बायको. मामा आठ वर्षांचे असताना त्यांची आई गेली, तेव्हा नव्यानं लग्न होऊन आलेल्या या वहिनींनी त्यांना वाढवलं. भाऊ गिरणीत होता. तो गेला त्या वर्षीची खंडेनवमी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशीची शस्त्रपूजा, नाहूरच्याच घरात झाली. बंदूक पाटावर ठेवली. तिला कुंकू आजवर वहिनी लावत आल्या होत्या. आता त्या मागे सरून भिंतीपाशी बसल्या, आणि जमलेल्यांपैकी कुणीतरी मामींना पुढे व्हायला सांगितलं. मामींनीच करंडा उचलला, तो वहिनींपुढे नेऊन ठेवला आणि मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, "बंदूक वैनीची आहे. मी फक्त चाप ओढतो." दोन नातेवाईक फराळ न करता गेले. तेव्हापासून स्वतःच्या कपाळी कुंकू नसलेल्या वहिनी वर्षातून एकदा करंड्यात बोट घालतात, ते बंदुकीसाठी.

लावायची जागा ठरलेली आहे. पूजेला वाटीचं झाकण उघडं ठेवतात, बंदूक रिकामी आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून. त्या उघड्या वाटीच्या वरचा नळीचा भाग हे वहिनींच्या मते बंदुकीचं कपाळ. एकदा लावलेलं कुंकू सलामी होईपर्यंत पुसायचं नाही, हाही नियम त्यांचाच. "पुसूचा नाय हां बाबल्या," असं त्या दर वर्षी बजावतात. बाबल्या म्हणजे मामा. वय अडुसष्ट. पूजा झाली की मामा बंदूक कांबळ्यात गुंडाळतात, परवाना, परवान्याच्या दोन प्रती आणि ठाण्याला दिलेल्या पत्राची पोच खिशात घालतात, आणि आम्ही माझ्या गाडीनं गावाला निघतो. दारूचा छोटा डबा दोन डब्यांच्या आत, सगळ्यात मागे. गाडीत उदबत्तीचा वास आलेला चालतो, सिगरेटवाल्या माणसाला फोनवर बोलायचीही बंदी. वहिनींना प्रवास झेपत नाही. त्या आणि मामी नाहूरला राहतात, आणि सलामीच्या वेळी मी फोन लावून उंच धरतो, म्हणजे त्यांना आवाज ऐकू जातो.

चार वर्षांपूर्वी आवाज गेला नाही. मामांनी चाप ओढला, रंजक भडकलं, धूर झाला, आणि आत काहीच नाही. अशा वेळी बंदूक खाली आणायची नसते, आतली दारू उशिरानं पेटू शकते. मामा नळी आभाळाकडे करून पूर्ण एक मिनिट उभे राहिले. मग पुन्हा रंजक, पुन्हा फुस्स. तीन खेपांनंतर गुरवानं नारळ वाढवला आणि पालखी तशीच उठली. फोनमधून वहिनींचा आवाज आला, "बाबल्या, ह्यो कसलो आवाज? तुझ्या भावान कधी असली दारू हाडल्यान नाय." मामा म्हणाले, "होय वैनी. दारूच ओली गावली." पुढचं वर्ष त्यांनी दाण्यात घालवलं. दसऱ्याला पुन्हा फुस्स. त्याच्या पुढच्या वर्षी दाणा बदलला, डबा बदलला, यंत्र नवं घेतलं, वाटेत दर दोन तासांनी गाडी थांबवून ओल मोजली. फुस्स. वहिनी म्हणाल्या, "एकतीस वर्षां पावडरीत काढलंस, आणि तुका दारू निवडूक येणा नाय." या वाक्यावर मामा नुसतेच हसले.

त्यानंतर आठ दिवसांत गावच्या देवस्थान समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. मी तेव्हा नाहूरलाच होतो. अध्यक्ष मामांपेक्षा वयानं लहान, त्यामुळे बोलणं आदराचं, पण गोष्ट साधी होती. "काकानु, औंदा पोरांनी सांभाळून घेतल्यानी. फुडच्या दसऱ्याक आवाज नाय इलो, तर मगे सुतळी बॉम्ब. तसो ठराव झालो." मामांनी विचारलं, आणि बंदूक? "बंदूक रवांदे तुमच्या घराकडे. शोभेक." फोन ठेवल्यावर मामा बराच वेळ चाळण्यांकडे बघत बसले. बंदूक देवळात गेली नाही तर खंडेनवमीला तिची पूजा कशाला, आणि पूजा नाही तर करंडा कुणापुढे ठेवायचा, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. आतल्या खोलीतून वहिनींनी विचारलं, "कोणाचो रे फोन?" मामा म्हणाले, "दारूवाल्याचो."

मग ते बंदूक धुवायला बसले. अशी बंदूक तेलानं नाही, कढत पाण्यानं धुतात, आणि त्या वर्षी ते काम फुसक्या बारांनंतर आठ दिवस लांबलं होतं. आतली न पेटलेली दारू त्यांनी गावालाच काढून टाकली होती. मोरीत बसून मामांनी नळीत पाणी ओतलं. ते कानातून बारीक धारेनं बाहेर यायला हवं. आलं नाही. मामांनी शर्टाच्या आतून सेफ्टी पिन काढली, कानात घातली आणि फिरवली. पिनेच्या टोकाला एक चिकट गोळी आली. मग पाण्याची धार आली, आणि ती लाल होती. मी दारात उभा होतो. मामांनी मागे वळून बघितलं. काचबिंदूनं वहिनींची नजर गेली त्याला तीन वर्षं होत आली होती. नजर होती तेव्हा त्या करंगळीशेजारच्या बोटाचं टोक टेकवायच्या. आता दिसत नाही, म्हणून लागलं की नाही याची खात्री व्हावी असं लावतात. कुंकू तेलात कालवून, अंगठ्यानं, दाबून.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच वर्षी."

"मग तीन वर्षं तुम्ही दारू कसली निवडताय?"

मामांनी पिन धुतली, पुसली, पुन्हा शर्टाच्या आत लावली. "हळू बोला, जावईबापू. तिचे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत."

"वाटेत गाडी थांबवून जरा पुसलं असतं."

"पुसायचं नाही म्हणून सांगितलंय तिनं. तुमच्यासमोर सांगते. तिचं एकदा पुसलंय लोकांनी, आता तिनं लावलेलं मी पुसू?" मग त्यांनी नळी उलटी करून पाणी निथळू दिलं. "आणि तिला काय सांगू? तुझ्या हातानं देवाचा मान तीन वर्षं चुकला? त्यापेक्षा दारू वाईट निघालेली बरी. दारूला वाईट वाटत नाही."

मी हे मामींना सांगितलं. कुणाला सांगू नका असं मामा म्हणाले नव्हते. मामी चहा गाळत होत्या. त्या थांबल्या. म्हणाल्या, "आणि मी बादली घेऊन गच्चीत उभी राहत होते." मग चहा गाळून झाल्यावर म्हणाल्या, "भोक केवढं आहे हो?" मी म्हटलं, सुतळीची सुई जाईल एवढं. मामी 'बरं' म्हणाल्या. वर्षभर त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही. मामा नेहमीसारखे दोनदा दुकानात जाऊन आले, नमुने बघितले, नाक मुरडलं आणि हात हलवत परत आले. दुकानदारानं मला फोन करून विचारलं, काकांची तब्येत बरी आहे ना?

गेल्या खंडेनवमीला मी सकाळी सहा वाजता मुलुंडहून निघून नाहूरला पोचलो. बंदूक पाटावर होती, झाकण उघडं होतं. कानातून एक उदबत्ती उभी होती. पेटवलेली नव्हती. मसाला झाडून टाकलेली, नुसती बांबूची काडी, कानात घट्ट बसेल एवढी खोचलेली. मामांनी ती बघितली आणि मग मामींकडे बघितलं. मामी फुलं निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. वहिनींना हात धरून आणून बसवलं. त्यांनी करंडा चाचपला, तेल घेतलं, अंगठा बुडवला, आणि डाव्या हातानं नळीवरून चाचपत कपाळ शोधलं. अंगठा काडीला लागला.

"ह्यां काय रे टोचता हयसर?"

"उदबत्ती, वहिनी," मामी म्हणाल्या.

"बंदुकीक उदबत्ती? ह्यां कधीपासून?"

"यंदापासून. तीन वर्षं आवाज नाही, म्हटलं देवाला जरा लाच द्यावी."

वहिनी हसल्या. "बरां केलंस गो," म्हणाल्या, आणि काडीच्या दोन्ही बाजूंनी, भरपूर, दाबून कुंकू लावलं. "पुसूचा नाय हां बाबल्या."

"नाय वैनी."

गावी मामांनी ती काडी देवळाच्या पायरीवर बसून हळूच ओढून काढली. कुंकवाला धक्का लागला नाही. मग वाटीचं बूड तेवढं कोरड्या चिंधीनं टिपलं, नळीवरचं कुंकू तसंच राहिलं. त्यांनी नळीत दारू ओतली, चिंधी घातली, ठासलं, वाटीत रंजक घातलं. समितीची पोरं दोन सुतळी बॉम्ब घेऊन तयारीत उभी होती. अध्यक्ष त्यांच्याशेजारी होते आणि मामांकडे बघत नव्हते. मी फोन लावून उंच धरला. मामांनी नळी आभाळाकडे केली.

बार निघाला. देवळावरची पाखरं उडाली. पोरांपैकी एकाच्या हातातला बॉम्ब खाली पडला, तो त्यानं उचलून खिशात घातला. पालखी उठली. ढोल सुरू झाले तेव्हा मामांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि एका कानावर हात ठेवला. स्पीकर चालू होता.

"ऐकलां," वहिनी म्हणाल्या. "कुकू आसा मां?"

"आसा, वैनी."

"औंदा दारू बरी गावली तुका, बाबल्या."

"होय वैनी," मामा म्हणाले. "औंदा बरी गावली."

दारू आदल्या वर्षीची होती. त्याच डब्यातली, उरलेली.